एकतिसाव्या दिवसाचा शिक्का

मित्रांनो, कचेरीच्या खिडकीत कुणी अर्ज सरकवला की आतून ‘ठप्प’ असा आवाज येतो. तो मीच. आवक टेबलावरचा तारखेचा शिक्का. माझ्या पोटात रबराचे तीन पट्टे आहेत: दिवसाचा, महिन्याचा आणि वर्षाचा. ते फिरवायला बाजूला इवलीशी दातेरी चाकं. ज्याने मला जुळवलं त्याने वर्षाच्या पट्ट्यावर मोजून बारा वर्षं बसवली. आपण कधी संपणार हे मला जन्मापासून ठाऊक होतं. तुम्हाला ते ठाऊक नसतं, म्हणून तुम्ही निवांत असता.

माझे मालक आवककाका. साहेब बदलले, पंखे बदलले, काका तेच. रोज सकाळी डबा कपाटात ठेवायच्या आधी ते नखाने माझं चाक एक घर पुढे ढकलत. माझ्यावाचून कागद म्हणजे रद्दी. माझा ठसा बसला की तोच कागद साहेबांनाही उत्तर द्यायला लावी. लोक माझ्या ठशाची पोच जपून घडी घालून खिशात ठेवत. मला गर्व होता, नाही कशाला म्हणू?

मग कचेरीने आपलं पेज काढलं. एके दिवशी त्यावर सूचना झळकली: पुलापलीकडचा लहान दवाखाना बंद करण्याचा विचार आहे, नागरिकांनी तीस दिवसांत हरकती कळवाव्यात. त्याखाली आणखी एक ओळ होती. हरकत लेखी, सहीनिशी, आवक खिडकीवर द्यावी. एक जरी आली तरी सुनावणी होईल. पण मोबाइलवर ही ओळ ‘आणखी वाचा’च्या आत दडली होती.

दवाखान्यातल्या सिस्टर मोठ्या खटपट्या. भाचीला हाताशी धरून त्यांनीही दवाखान्याचं पेज उघडलं. सूचनेचा फोटो टाकला, नेमका ‘आणखी वाचा’पर्यंतचा, आणि आवाहन केलं की कचेरीच्या पेजवर जाऊन हरकत नोंदवा. लोक तुटून पडले. तेवीसशे कमेंट. मुठी, हृदयं, रडके चेहरे. एकाने कविता केली, ती वाईट होती, पण कळकळीची होती. एका बाईने लिहिलं की माझा धाकटा या दवाखान्यामुळेच आज शाळेत जातो. सिस्टर जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून एकेकाला उत्तर देत.

इकडे मी वाट बघत पडून होतो. खिडकीवर नळाच्या तक्रारी आल्या, भटक्या कुत्र्यांच्या आल्या. दवाखान्याची एकही नाही.

काकांच्या जिवाला ते लागलं होतं. त्यांच्या आईच्या पायाला साखरेच्या आजारातली जखम होती. दर मंगळवारी ती काठी टेकत त्याच दवाखान्यात पट्टी बदलायला जाई. कर्मचाऱ्याला किंवा त्याच्या घरच्यांना हरकत घेता येत नव्हती, तसा नियम. म्हणून नवव्या दिवशी काकांनी टेबलाखाली मोबाइल धरून एका बोटाने टाइप केलं, ‘इथे लिहून उपयोग नाही. साध्या कागदावर लिहून खिडकीवर द्या.’

दोन मिनिटांत उत्तर आलं, ‘आला बघा साहेबांचा चमचा. लोकांना हेलपाटे घालायला लावतोय.’ त्याला एकशे चाळीस लाइक. काकांच्या कमेंटला एक, तोही त्यांचा स्वतःचाच. संध्याकाळी साहेबांनी त्यांना बोलावून शांतपणे विचारलं की तुम्ही कचेरीचे की त्यांचे? इकडून चमचा, तिकडून फितूर. काकांनी जागेवर येऊन मोबाइल खणात टाकला; ती कमेंट पुन्हा लिहिली नाही. कुणीतरी सांगेलच, असं त्यांनी मनाशी म्हटलं असावं.

कुणी सांगितलं नाही. तिसाव्या दिवशी काकांनी खिडकी पाच मिनिटं जास्त उघडी ठेवली. बस्स.

एकतिसाव्या दिवशी सकाळी सिस्टर आल्या. हातात जाडजूड गठ्ठा, चेहरा जिंकल्यासारखा.

“काका, सगळ्या कमेंट छापून आणल्यात. साहेबांना डोळ्यांनी बघू दे एकदा.”

“सिस्टर, मुदत काल संपली.”

“पण आम्ही मुदतीतच दिल्यात की. प्रत्येकीवर तारीख आहे, बघा ना.”

“ती तिथली तारीख. इथे ही लागते,” काका म्हणाले आणि त्यांनी मला उचललं.

मग त्यांचं नख माझ्या चाकावर आलं. मित्रांनो, एक घर मागे, एवढंच. चाक अर्धं फिरलं, मी दोन आकड्यांच्या मध्ये अडकलो. आयुष्यात कधी खोटी तारीख मारली नव्हती, पण तेव्हा मी तयार होतो. रांगेतला मागचा माणूस खाकरला, “आटपा हो काका.” काकांनी चाक पुन्हा होतं तिथे आणलं. ठप्प. इतका सुबक ठसा माझा कधी उठला नव्हता.

“किती लागल्या असत्या?” सिस्टरांनी विचारलं.

“एक.”

त्यांनी पोच घेतली. ती कुठे ठेवायची हे त्यांना सुचेना.

दवाखाना बंद झाला. पेजवर बंद दाराचा फोटो आला, त्याला सगळ्यात जास्त लाइक मिळाले. सिस्टरांची लांब बदली झाली. दुसरा दवाखाना दोन बस बदलून. काकांची आई चार मंगळवार गेली. पाचव्याला म्हणाली, आता बरं आहे. बरं नव्हतं. पुढे पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

माझी बाराही वर्षं सरली. टेबलावर संगणक आला, मी गंजक्या टाचण्यांबरोबर खणात गेलो. त्याच सुमारास काकाही निवृत्त झाले.

मित्रांनो, मी मोबाइलला नावं ठेवत नाही. तेवीसशे माणसं एका कामासाठी जमलेली मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती, ती त्याने जमवली. पण तुम्ही कशासाठीही जमाल तेव्हा शेवटची ओळ उघडून वाचा, आणि एकाने तरी कागद घेऊन खिडकीपर्यंत जा. त्या गर्दीत कुणी रटाळ आवाजात ‘असं नाही, तसं करा’ म्हणाला, तर त्याला चमचा म्हणण्याआधी ‘का हो?’ असं विचारा. आणि तो रटाळ आवाज तुमचाच असेल, तर एकदा हिणवलं म्हणून गप्प बसू नका.

निरोपाच्या दिवशी टेबल आवरताना काका शिपायाला म्हणाले, “आईला पलंगावर उचलून ठेवतो ना, तेव्हा रोज मनात तीच कमेंट दुसऱ्यांदा लिहितो.”