रपट्याखालची रेती

मी एक जुना रपटा आहे. नागपूरच्या पक्क्या पुलांवरून सायकल पळवणाऱ्या मुलांना रपटा ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. रपटा म्हणजे बुटका पूल. त्याला कठडे नसतात. पूर आला की पाणी त्याच्या पाठीवरून जातं, पूर ओसरला की माणसं जातात. कुहीकडच्या एका वाटेवर, नदीच्या पात्रात मी आडवा पडलेलो आहे. माझी गोष्ट ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही. वाटावं असा माझा हेतूही नाही.

१९६४ साली मला बांधलं. गावातल्या बायांनी गिट्टी फोडली, बाप्यांनी दगड वाहिले. उद्घाटनाला मोठे लोक आले, नारळ फुटला, आता गावाची प्रगती होणार असं भाषण झालं. मित्रांनो, ते भाषण खोटं नव्हतं. माझ्याआधी अख्खा पावसाळा गाव अडकून पडायचं. धान घरात कुजायचं, अडलेली बाळंतीण खाटेवरच मरायची. मी आलो आणि धानाच्या बैलबंड्या गिरणीपर्यंत जाऊ लागल्या. मग एस.टी. आली. मुली कुहीच्या शाळेत गेल्या. ज्यांचे बाप जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबले, ती पोरं नोकरीला लागली. त्यातलाच एक आनंदराव. तो एस.टी.चा ड्रायव्हर झाला. पहिल्यांदा बस घेऊन तो माझ्यावरून गेला, तेव्हा नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वर्षी, छप्पन साली जन्मलेली त्याची बहीण इंदूबाई काठावर उभी राहून शेजारणींना सांगत होती, "माझ्या दादाची मोटार आहे ते."

मग नागपूर वाढू लागलं. तिथल्या जरीपटका भागात दुकानांवर माड्या चढल्या. माडीला रेती लागते, आणि रेती माझ्या नदीत होती. वामनराव नावाच्या ठेकेदाराचे ट्रक आले. रेती पात्रात कुठूनही काढता आली असती. पण ट्रक पात्रात उतरवला की रुततो, वेळ जातो. म्हणून त्यानं सोपी रीत काढली. ट्रक माझ्या पाठीवर उभा करायचा, माझ्याच बुडाशी फावडं मारायचं आणि घमेलं वर द्यायचं. लक्षात येतंय ना? माझ्या पायाखालची रेती काढून माझ्याच पाठीवर लादत होते, आणि त्याला धंदा म्हणत होते.

इंदूबाईचा नवरा लहानू त्याच कामावर होता. एका दुपारी भाकर खायला तो सावलीसाठी माझ्याखाली शिरला. माझ्या खांबाखाली रेतीच उरली नव्हती. त्यानं हात घातला, तो खांद्यापर्यंत आत गेला. भाकर तशीच फडक्यात बांधून तो बाहेर आला. दुसऱ्या दिवशी इंदूबाई गिरणीतल्या कामावर जायला माझ्या काठावर बसची वाट पाहत होती, तेव्हा तो तिच्याजवळ आला.

"तू इथं उतरून पायी येत जाय वं. मोटारीत बसून नको येऊ."

"काहून?"

"खालून पोकळ आहे. माझा हात गेला आतमंधी."

"मंग कोनाले सांगत काहून नाही?"

"सांगू अन् खाऊ काय? वामनराव जाईन दुसऱ्या नदीवर. मी कुठं जाऊ?"

"अजी, ते मोटार माझा दादा चालवते."

लहानू फावडं घेऊन खाली उतरला.

तेव्हापासून इंदूबाई माझ्या काठाशी बस थांबवायची, उतरायची आणि चालत यायची. कंडक्टर शालिकराम तिला टोमणे मारायचा. "इंदूबाई, मोटारले तुमचं वजन होते का?" कधी म्हणायचा, "रपट्याशी सोयरीक जमवून राहिली वाटते बाई." सगळी बस हसायची. आनंदरावही हसायचा. ती खाली मान घालून चालायची. तिच्या भेगाळल्या टाचा माझ्या पाठीला लागायच्या. एवढं हलकं ओझं मी दुसरं वाहिलं नाही, आणि एवढं जडही नाही.

एका संध्याकाळी तिच्या शेजारी कांताबाई बसली होती. पोटुशी, दिवस भरलेले. काठ आला तशी इंदूबाईनं तिचा हात धरला. "उतर वं कांता."

"मी काहून उतरू?"

"आता पलटन उतरवता का?" शालिकराम म्हणाला.

इंदूबाई खाली उतरली आणि बसच्या पुढ्यात उभी राहिली. "हा रपटा खालून पोकळ आहे. माझ्या नवऱ्याचा हात जाते आत. दादा, तू बी उतर."

वामनराव ट्रकजवळ सुपारी कातरत होता. "बाईच्या बोलण्यानं पूल पडत नसते," तो म्हणाला. खाली लहानूचं फावडं थांबलं होतं.

आनंदरावनं इंजिन बंद केलं. खाली गेला, वाकून पाहिलं. वर आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यानं एकेकाला खाली उतरवलं.

पुढे काय झालं? लहानूचं काम त्याच संध्याकाळी गेलं, आणि सकाळी त्याचं फावडं दुसऱ्याच्या हातात होतं. जीपमधून बांधकाम खात्याचे एक साहेब आले. बूट भिजू नयेत म्हणून त्यांनी मला वरूनच पाहिलं आणि माझ्यावर डांबर टाकायला लावलं. वरून मी आता नवा दिसतो. रेती निघतेच आहे. आणि गावानं काय केलं? गावानं रीत पाडली. बस थांबते, सगळे बोचकी-पोरं घेऊन उतरतात, पायी पलीकडे जातात, रिकामी बस मागून येते, सगळे पुन्हा चढतात. शालिकरामही उतरतो. मोडकं दुरुस्त करण्यापेक्षा त्याची सवय लावून घेणं तुम्हा माणसांना किती लवकर जमतं.

पण ड्रायव्हरला उतरता येत नाही.

"नको नेऊ दादा," इंदूबाई रोज म्हणते.

"मोटार बंद झाली तं पोरींची शाळा गेली, तुह्यं गिरणीतलं काम गेलं," तो सांगतो. "अन् मी नाही नेली तं दुसरा नेईन. त्याचीबी बहीण असन कोठंतरी."

मित्रांनो, मला हार नकोत, भाषणं नकोत. ज्या रस्त्यावर तुमचं गाव मोठं झालं, त्याचे पाय एकदा वाकून पाहा. माझ्या बुडाशी फावडं मारणारा हात धरा, आणि त्या हाताला दुसरं काम द्या. मला एकदाच ओरडता येतं, आणि मी ओरडेन तेव्हा ऐकून काही उपयोग होणार नाही.

आजची बस आली आहे. सगळे उतरून पलीकडे गेले. आनंदरावनं आपल्या बाजूचं दार दोरीनं उघडं बांधलं आहे. काठावर इंदूबाई त्या उघड्या दाराकडे पाहत उभी आहे. पुढची चाकं माझ्यावर आली.