पिंपळडोहच्या टाकीचं गोडं पाणी

अकोल्याहून बडनेऱ्याकडे जाताना पिंपळडोहचं स्टेशन लागतं. एके काळी ते पार रानात होतं. मग शहरच वाढत वाढत त्याच्या दारात येऊन बसलं. सध्या तिथे काम चाललंय. लिफ्ट आली, चाकाच्या खुर्चीसाठी उतार झाला, डब्यांचे नंबर दाखवणाऱ्या पाट्या लागल्या, थंड पाण्याची मशीन बसली. गावातल्या म्हाताऱ्या मनकर्णाबाईंना या सगळ्याचं भारी कौतुक. काम नसताना त्या लिफ्टमधून वरखाली करून आल्या होत्या. पण त्यांची नात दीक्षा तिथेच तिकीट खिडकीवर बसते. तिनं एका संध्याकाळी घरी येऊन सांगितलं की प्लॅटफॉर्मच्या टोकाची जुनी टाकी आता पाडणार, आणि म्हातारीचं जेवणावरचं लक्षच उडालं.

टाकी कोळशाच्या इंजिनांच्या काळातली. हा सगळा पट्टा खाऱ्या पाण्याचा. विहीर खणा की बोअर मारा, पाणी तोंडात धरवत नाही. माणसं बिचारी तेच पीत. इंजिनाचे मात्र लाड मोठे, खाऱ्या पाण्यानं त्याच्या पोटात थर धरायचे. म्हणून रेल्वेनं लांबच्या बंधाऱ्यावरून नळ टाकून गोडं पाणी आणलं आणि टाकीच्या बुडाशी एक तोटी काढली. माणसांसाठी जे कुणाला सुचलं नाही, ते इंजिनाच्या कृपेनं झालं.

गावात त्यातल्या त्यात गोड्या पाण्याची विहीर एकच होती, आणि मनकर्णाच्या वस्तीनं तिच्यात दोर सोडायचा नाही असा दंडक होता. बायांनी गुंड, म्हणजे पाण्याची घागर, घेऊन लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून ओतणार. लग्न होऊन आल्या आल्या मनकर्णा हेच शिकली. त्यामुळे पहिल्यांदा स्टेशनवर गेली तेव्हाही ती तोटीपासून दूर उभी राहिली, कुणीतरी येऊन ओतेल म्हणून वाट बघत. तोटी समोर, पाणी ठिबकतंय, आणि ही उभीच. तिथला रुळांचे सांधे बदलणारा पॉइंटमन अब्दुल गफ्फार, तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा, कंदिलाची काच पुसत होता. त्यानं बराच वेळ सोसलं आणि मग तो खेकसला, "हात नाईत का तुले? तोटी सोड अन् भर. मी काय तुया नोकर आहो?"

जन्मात तिच्यावर कुणी इतकं गोड रागावलं नव्हतं. तिनं आपल्या हातानं तोटी सोडली. गुंड भरून सांडू लागली तरी तिला बंद करवेना, त्यावरही तो ओरडला. घरी जाताना ती रस्ताभर रडत होती आणि मनातून इतकी सुखात होती की डोक्यावरचं ओझं तिला जाणवलं नाही. पुढे कितीतरी वर्षं तिनं तिथलं पाणी भरलं, लेकरं त्याच पाण्यावर वाढवली. त्या काळी सुनेनं परक्या माणसाशी बोलायची पद्धत नव्हती, आणि बोलायचं वय आलं तोवर गफ्फारची बदली झाली. आभार मानायचे राहून गेले ते गेलेच.

आता टाकी पडायच्या आत त्या माणसाला तिच्याखाली उभं करून हे सांगायचं, एवढा एकच ध्यास म्हातारीनं घेतला. दीक्षानं जुन्या रेल्वेवाल्यांकडे चौकशी केली. गफ्फारचाचा अमरावतीला लेकीकडे, निखतकडे होते. गुडघे गेले, पण डोकं शाबूत आहे, घेऊन येते, असं निखत म्हणाली. मनकर्णाबाईंनी शाल आणली. आपल्याकडे शालीवाचून सत्कार झाल्यासारखा वाटत नाही. काय बोलायचं ते त्यांनी देवमनला, म्हणजे आपल्या मुलाला, इतक्यांदा म्हणून दाखवलं की त्यालाही पाठ झालं. धाकधूक एकच होती, की तो ओळखेल ना.

रविवारी बडनेऱ्याच्या गाडीनं चाचा आले. चाकाच्या खुर्चीतून उतारावरून त्यांना टाकीखाली आणलं. स्टेशन मास्तर आले, शेजारच्या वस्तीतल्या बाया आल्या. मनकर्णाबाई पुढे झाल्या.

"भाऊ, वळखलं का मले?"

चाचांनी डोळे बारीक करून पाहिलं, नाही म्हणून मान हलवली. दीक्षानं आठवण करून दिली: ती लांब उभी राहिलेली नवी सून, तुम्ही तिच्यावर ओरडला होता. चाचा कानकोंडे झाले.

"खरं सांगतो, बाई, याद नाई येत. गंज बाया येत होत्या, रांग लागे. कोन कुठली, मी कवा पुसलं नाई. गुंड भरली का दुसरीनं लावावं, एवढंच पायत होतो."

सगळेच ओशाळले. दीक्षा वस्तीचं नाव सांगून आणखी खुणा देऊ लागली, तसा मनकर्णाबाईंनी तिचा हात धरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा हसत होता.

"राहू दे, पोरी. मी कोन हाओ हे साऱ्या गावाले याद होतं. या एकट्यालेच नव्हतं. त्याच्याचसाठी तं आली मी."

पाठ केलेलं बाकीचं भाषण तिथेच राहिलं. त्यांनी चाचांच्या खांद्यावर शाल घातली आणि नीट सारखी केली. चाचांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा विचारलं, नाव काय बहन तुमचं?

"मनकर्णा."

आडनाव त्यांनी विचारलं नाही.