मी, ट्यूब, आणि माझं आठवं ठिगळ

मित्रांनो, मी एक जुनी ट्यूब आहे. सायकलची नाही हो, ट्रकची! हे आधीच सांगितलेलं बरं, कारण माझ्या आकाराबद्दल मला थोडा अभिमान आहे.

माझी पहिली सहा वर्षं मलकापूरच्या महामार्गावर गेली. ट्रकमध्ये तूर, कापूस, कधी विटा. सगळं ओझं मी पेलायची आणि लोक लाथ मारून बघायचे ते टायरला! 'टायर दमदार आहे' म्हणायचे. आत कोण आहे, हे कोणाच्या गावीही नव्हतं. मोताळ्याला जब्बारभाईंचं पंक्चरचं दुकान आहे. त्यांनी मला एकामागून एक सात ठिगळं लावली आणि शेवटी दुकानामागे टाकून दिलं. तिथे मी दोन उन्हाळे पडून होते. मला फार वाईट वाटायचं.

तिथून मला सोजराबाईंनी उचललं. रोहिणखेडच्या बाजूला एक लहानसा तलाव आहे. त्यावर मासे धरणाऱ्या भोई लोकांची सोसायटी आहे, आणि सोजराबाई तिच्या सभासद. दोन ताजे रोहू जब्बारभाईंच्या हातात ठेवून त्या मला घेऊन आल्या. माझ्यावर आडवी फळी बांधली. त्या फळीवर बसून त्यांचा मुलगा जीवन दोन्ही हातांनी पाणी मारत जाळं टाकायला जाऊ लागला. रस्त्यावर मी चाकाच्या आत कोंडलेली होते. पाण्यावर मात्र मला आभाळ दिसलं. बारा वर्षं झाली, जीवनला मी एकदाही बुडू दिलं नाही.

या तलावावर एक रीत आहे. पाण्यात माणूस अडकलेला दिसला की आधी त्याला आधार द्यायचा, नाव-गाव मग विचारायचं. जीवनला त्याच्या वडिलांनी पोहण्याआधी हे शिकवलं होतं. वडील आता नाहीत, पण रीत आहे.

मागच्या श्रावणात सोसायटीने तलावात कटला आणि रोहूची बोटुकली सोडली. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं. ती वाढली तर वर्षभर चुली पेटतात. पण ती वीतभर व्हायच्या आतच कोणीतरी मच्छरदाणीसारखं बारीक जाळं लावून ती उपसू लागलं. सोसायटीचे अध्यक्ष पुंजाजी यांनी दोनदा तक्रार दिली. चौकीवरून माणूस येईपर्यंत चोर घरी पोचलेला असायचा. जीवन चिडून म्हणाला, "कायद्याची वाट पाह्यता पाह्यता तलाव रिकामा होईन. मीच पाह्यतो त्याले."

खरं सांगते, ते ऐकून मीही ताठ झाले. चोराला अद्दल घडवायची आणि त्यात आपण पुढे, या विचाराने मला स्फुरण चढलं.

बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, चोर सापडला. तलावाच्या मधोमध तो एका ट्यूबवर बसला होता; ती माझ्यासारखीच, पण नवी. जीवनने कमरेला कोयता खोचला आणि मला पाण्यात लोटलं. मी इतक्या वेगाने कधीच गेले नव्हते. चोर काही बोलायच्या आत जीवनने कोयता चालवला तो थेट त्याच्या ट्यूबवर. फुस्स करून तिची हवा गेली. माणूस पाण्यात पडला आणि त्याचे पाय त्याच्याच जाळ्यात गुंतले. तो वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला.

जीवन माझ्यावर बसून नुसता बघत राहिला. मी हातभर अंतरावर होते आणि मला स्वतःहून हलता येत नव्हतं. थोड्या वेळापूर्वीच्या माझ्या ताठ्याची मला तेव्हा लाज वाटली.

काठावरून सोजराबाई ओरडल्या, "जीवन्या! आधी ट्यूब दे त्याले! भांडाचं ते काठावर भांड!"

जीवन दचकला. कोयता पाण्यात गेला. त्याने उडी मारली आणि मला त्या माणसाच्या छातीखाली सरकवलं. त्या बुडणाऱ्याने मला अशी मिठी मारली की काय सांगू! जीवन मागून पोहत मला ढकलत होता आणि मी त्या चोराला पायातल्या जाळ्यासकट वाहून नेत होते. सहा वर्षं ट्रक वाहिला, पण इतकं जड काही वाहिलं नव्हतं. काठाशी बाभळीच्या फांदीने माझ्या कुशीत भोक पाडलं. तरी पाय जमिनीला लागेपर्यंत मी हवा धरून ठेवली.

तो शेजारच्या गावचा गोपाल निघाला. एव्हाना काठावर माणसं जमली होती. कोणी म्हणालं बांधा, कोणी म्हणालं झोडपा. सोजराबाई त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. "हात नाई लावाचा कोणी. फोन लावा चौकीले."

या वेळी चोर समोर असल्याने पोलीस आले. तक्रार लिहिताना पुंजाजी हळूच म्हणाले, "ट्यूब कापल्याचं नको सांगू बाई. आपलीच बाजू लंगडी होईन."

"काऊन लपवाचं?" सोजराबाईंनी मोठ्यानेच विचारलं. "त्याची चोरी लिहा, अन् माह्या पोराचा कोयताही लिहा. माणूस मेला असता तर मासे काय कामाचे होते भाऊ?"

सगळे जीवनकडे बघू लागले. तो पुढे झाला आणि म्हणाला, "हाव साहेब, मीच कापली."

मित्रांनो, बारा वर्षांत जीवनने खूप मोठे मासे माझ्यावर लादून आणले, पण त्याचा इतका अभिमान मला कधी वाटला नाही. गोपालला दंड झाला. जीवनलाही चौकीच्या बऱ्याच खेपा पडल्या, आणि सोजराबाई प्रत्येक खेपेला त्याच्यासोबत गेल्या. चोऱ्या साफ थांबल्या असं मी म्हणणार नाही. पण आता चोर दिसला की आमचे लोक जोडीने जातात, लांब राहून शिट्टी वाजवतात, फोटो काढतात आणि पोलीस येईपर्यंत काठ धरून बसतात. कोयता कोणी नेत नाही.

माझ्या कुशीतल्या भोकाचं म्हणाल, तर जीवन मला आणि गोपालची फाटकी ट्यूब घेऊन जब्बारभाईंकडे गेला. गोपालने ती परत न्यायला नकार दिला होता. जब्बारभाईंनी दोघींना उलटसुलट करून पाहिलं आणि गोपालच्या ट्यूबवर हात ठेवून ते म्हणाले, "ये तो गई बेटा. हिचा तुकडा काढून तिले लावतो. रबर चांगलं हाय." तेच माझं आठवं ठिगळ.

तुम्हाला माझी एवढीच विनंती आहे. माझ्यासारखीला उन्हात टाकू नका, पाण्यात नेण्याआधी हवा बघा. आणि कोणी तुमचं काही चोरलं, तर त्याला जरूर पकडा, पण तो बुडत असेल तर आधी काठावर आणा.

जीवन अजूनही रोज पहाटे मला तलावावर नेतो. आधी त्या आठव्या ठिगळावरून अंगठा फिरवतो, आणि मगच माझ्यावर बसतो.