सहा वेळा पारोसा

दिवसातून सहा वेळा झोपणारा माणूस दिवसातून किती वेळा पारोसा होतो, हा प्रश्न जयलक्ष्मीबाईंपुढे याआधी कधी आला नव्हता. त्यांच्या घरात माणसं रात्री झोपत, पहाटे उठत आणि स्नान होईपर्यंत पारोशी राहत. पारोशा माणसानं चुलीला, देवाला, लोणच्याच्या बरणीला शिवायचं नाही. शेजारच्या तमिळ घरांत याला विळुप्पु म्हणत, आणि तिथल्या सुना आता ते फारसं मनावर घेत नसत. जयलक्ष्मीबाई घेत. मराठा राजांबरोबर तंजावुरात आलेले पुष्कळ शब्द त्यांच्या पिढीपर्यंत गळून गेले होते, हा मात्र त्यांनी घट्ट धरून ठेवला होता.

प्रश्न आणला त्यांच्या मुलानंच. सतीशकुमार एका सरकारी कचेरीत कारकून. सन दोन हजार उजाडलं की जगातले सगळे जुने संगणक कोलमडणार आणि ते दुरुस्त करायला अमेरिकेला माणसं लागणार, असं त्या वर्षी तंजावूरच्या भिंतीभिंतीवर लिहिलेलं होतं. सतीशकुमारनं अर्ध्या पगाराची रजा काढून जुन्या बसस्टँडजवळच्या संगणक वर्गात कोबोल शिकायला नाव घातलं. तिथल्या मास्तरानं त्याला सांगितलं की माणसाला सलग झोप लागते हा निव्वळ गैरसमज. दर चार तासांनी वीस मिनिटं झोपायचं, दिवसाला दोन तासांत काम भागतं. इटलीत कोणी मोठा चित्रकार असाच झोपायचा म्हणे. पहिले काही आठवडे शरीर कुरकुरतं, मग मुकाट्यानं वळण लावून घेतं.

त्याची बायको हरिता हे ऐकून आधी खूश झाली. ती प्राणिशास्त्राची एम.एस्सी. घरच्या घरी एक प्रयोग बघायला मिळणार, असं तिला वाटलं. तिनं विचारलंही, "हे किती जणांवर करून पाहिलंय?"

"तो चित्रकार आणि आमचे सर," सतीशकुमार म्हणाला.

"म्हणजे दोन. त्यातला एक मेलेला."

"तुला प्रत्येक गोष्टीत बेडूक फाडायचा असतो."

हरिताची स्वतःची एक तारीख ठरलेली होती. डिसेंबरच्या अखेरीस संशोधन शिष्यवृत्तीची परीक्षा होती. मागच्या खेपेला ती थोडक्यात हुकली होती. तिरुचीच्या एका प्राध्यापिकेनं तिच्यासाठी जागा राखून ठेवली होती आणि स्पष्ट सांगितलं होतं, "या वेळी पास झालीस तर ये. पुढच्या वर्षी मी निवृत्त होते, मग मला कोणी विचारणार नाही." हरिताचा अभ्यास चाले तो दोन वेळांना, दुपारी घर आडवं झाल्यावर आणि रात्री घर झोपल्यावर. घर झोपलं की तेवढ्यापुरतं ते तिचं होई.

आता घर झोपेनासं झालं.

आणि ज्यानं झोपायचं तो उठेना. गजराच्या घड्याळानं वरच्या मजल्यावरचे आम्ही आणि खालचे बिऱ्हाडकरू सगळे जागे होत, असं जयलक्ष्मीबाई सांगत फिरत. फक्त ज्याच्यासाठी तो लावलेला तो नाही. चौथ्या दिवशी सतीशकुमारनं घड्याळ कपाटावर टाकलं आणि म्हणाला, "हरिता, तूच उठव. तू सायन्सची. वीस म्हणजे वीस मिनिटांनी उठवशील."

त्याच दुपारी जयलक्ष्मीबाईंनी निकाल दिला. हरिता नवऱ्याला उठवून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली, तर त्या आडव्या उभ्या.

"स्नान करून ये."

"आत्ते, मी नाही झोपले. ते झोपले होते."

"तूं शिवलीस ना त्यास? चटईस, उशीस? पारोशी झालीस."

"दुपारी तुम्हीही पडताच की."

"मी पडतें. झोपत नाहीं."

"घोरता तर."

"घोरूं दे. खाली चटई नाहीं, उशी नाहीं. मोकळी जमीन आणि स्वतःचा हात. ती झोप नव्हें."

"म्हणजे पारोसं होतं ते चटईनं की झोपेनं?"

हा प्रश्न हरितानं टोमणा म्हणून विचारला नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. जयलक्ष्मीबाईंनाही ते जाणवलं असावं. त्यांनी थोडा विचार केला.

"तोंडच्या पाण्यानं," त्या म्हणाल्या. "झोपेंत तोंड उघडतें, पाणी गळतें, अंथरुणास लागतें. अंथरूण उष्टें झालें. त्यास शिवलेला उष्टा."

उत्तर हरिताच्या अपेक्षेपेक्षा बरंच सुसंगत होतं. "मग दर वेळी यांनी स्नान करायचं?"

"त्यास कशास? तो काय चुलीकडे येतो? तूं येतेस. तूं करावें."

असं ते ठरलं. झोप सतीशकुमारची आणि स्नान हरिताचं.

तिनं वाटा शोधून पाहिल्या. लांबून हाका मारल्या. छत्रीच्या टोकानं खांदा ढोसला, तेव्हा त्यानं छत्री कुशीत घेतली आणि कूस बदलली. शेवटी गुडघे टेकून, दोन्ही खांदे धरून हलवण्यावाचून इलाज नव्हता. तेवढ्यासाठी तोंड त्याच्या तोंडाजवळ न्यावं लागे.

त्या तोंडाचं ती करणार काय? जिभेवर पांढरा थर चढलेला असे. खालच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळेचा तंतू निघून उशीपर्यंत ताणला जाई, श्वासासरशी थरथरे, आणि तुटत नसे. उशीवर जुन्या लाळेची पिवळसर कडी होती, एकात एक, झाडाच्या खोडाला असतात तशी. ऐप्पसी महिन्याचा पाऊस लांबलेला, गच्चीवर काही वाळत नव्हतं, आणि ती उशी दिवसातून सहा वेळा ओली होऊन कधीच पुरती सुकत नव्हती. बादलीत दोन दिवस विसरलेल्या फडक्याचा वास तिला येई. तिनं हलवल्यावर त्याचे डोळे उघडत ते चिकटलेले, पापण्यांच्या मुळाशी पिवळे खडे. तो पहिली काही मिनिटं तिला ओळखत नसे. एकदा "सर, सर" म्हणाला. एकदा तिच्या हातावर फटका मारला, आणि नंतर त्याला ते आठवतही नव्हतं.

हरिताला स्वतःचंच नवल वाटे. कॉलेजात तिनं झुरळाच्या लालोत्पादक ग्रंथी सुईनं उलगडून काढल्या होत्या, मैत्रिणी तोंड फिरवत तेव्हा हिनं शेवटपर्यंत काम केलं होतं, आणि हात धुऊन लिंबूभात खाल्ला होता. मग एका धडधाकट माणसाच्या थुंकीची एवढी किळस का यावी? ती प्रत्येक वेळी याचं निरीक्षण करायचं ठरवी आणि प्रत्येक वेळी श्वास रोखून, डोळे बाजूला करून काम उरकी. झुरळानं तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, एवढाच फरक तिला सापडला.

मग स्नान. केसांत पाणी मुरून राहिलेलं, अंबाडा कधी सुटायचा नाही, मानेवर खाज. बोटांची टोकं सुरकुतलेली. त्याच्या अंगाच्या वासात आता तिच्या ओल्या केसांचा वास मिसळला, आणि रात्री कोणाचा कोणता ते तिला सांगता येईना. खालच्या मजल्यावरच्या राजम मामींनी जिन्यात अडवलं.

"किती वेळा पाणी ओतून घेतेस गं? मोटार बंदच होत नाही. मुलासाठी व्रत धरलंयस काय?"

"नाही मामी. झोपेसाठी."

"कुणाच्या?"

हरितानं वर बोट दाखवलं. राजम मामी म्हणाल्या, "पोराचं व्रत बरं. एकदा झालं की संपतं."

मार्गळी महिना लागला. परीक्षा जवळ आली. त्या सुमारास एका दुपारी सतीशकुमार दहीभात खाताखाता झोपला. आधी हात ताटात थांबला. मग हनुवटी खाली आली. तोंडात घास तसाच होता. ओठ सुटले आणि दही मिसळलेली शितं हनुवटीवरून छातीच्या केसांत घसरू लागली. घशात काहीतरी गुडगुडलं.

"घास अडकेल," जयलक्ष्मीबाई दारातून म्हणाल्या. "काढ."

हरितानं तर्जनी त्याच्या गालात घातली. आत उबदार, बुळबुळीत, अर्धवट चघळलेलं होतं. ते तिनं बोटानं ओढून ताटात टाकलं, पुन्हा घातलं, पुन्हा टाकलं. तिसऱ्या खेपेला तिच्या बोटावर त्याचे दात मिटले, चावायला नव्हे, चोखायला. ती उठली ती न्हाणीघरात जाऊन ओकली. पोटात काही नव्हतं, नुसतं कडू पाणी.

त्या संध्याकाळी ती पुस्तक घेऊन बसली. पेशीच्या श्वसनाचं चक्र. कॉलेजात असताना हे ती वर्गातल्या मुलींना फळ्यावर न बघता काढून दाखवायची. सायट्रेटपासून सुरुवात केली आणि दुसऱ्या पायरीवर अडली. तिथं काय येतं ते आठवेना. नुसता शब्द नाही, तिथं काही येतं हेच आठवेना. तिनं पान उघडून वाचलं, मिटलं, पुन्हा लिहायला घेतलं, पुन्हा तिथंच. हरिता घाबरली. किळस, थकवा, ओले केस हे सगळं तिनं आतापर्यंत सोसण्याच्या खात्यात टाकलं होतं. हे सोसायचं नव्हतं. हे तिच्याकडून जात होतं.

तिनं उठून नवऱ्याचं टेबल पाहिलं. कोबोलचं पुस्तक उघडं होतं, आणि त्याच्या घडीत दिवाळीच्या मुरुक्कूचा चुरा. दिवाळीपासून ते पान उलटलं नव्हतं.

सतीशकुमार जागा होता, म्हणजे भिंतीला टेकून डोळे उघडे ठेवून बसला होता.

"अहो, मी आता उठवणार नाही."

"म्हणजे काय? आता तर बॉडी ॲडजस्ट होत आली."

"तुमची झोप कमी झालेली नाही. तुम्ही जेवताना झोपता, बसल्या बसल्या झोपता. आत्ताही अर्धे झोपलेलेच आहात. कमी झाली ती माझी. मला परीक्षेचं काही आठवत नाहीये."

"परीक्षा काय, जूनमध्ये परत असते."

"जूनमध्ये ती जागा नसेल. तुम्हाला सांगितलंय मी."

"जागा घेऊन करायचं काय? आपण तिकडं जाणार ना."

"तिकडं गेल्यावर तुम्हाला उठवणार कोण?"

त्याला हा प्रश्न कळलाच नाही. तो इतक्या सरळपणे हसला की हरिताला त्याच्या दातांच्या फटीतलं दुपारचं शीत दिसलं. "तू येशील ना," तो म्हणाला.

पुढच्या वेळी तो झोपला तेव्हा हरिता स्नान करून स्वयंपाकाला लागली. वीस मिनिटं गेली, तास गेला. जयलक्ष्मीबाई आतबाहेर करू लागल्या.

"कुमार उठला नाहीं."

"नाही."

"उठव की."

"माझं स्नान झालंय, आत्ते. वरण चुलीवर आहे. त्यांना शिवू, की वरणाला? एकच होईल. पुन्हा स्नान मी करणार नाही, मला ताप भरलाय."

जयलक्ष्मीबाईंनी तिच्या कपाळाकडे हात नेला आणि स्वतःचं सोवळं आठवून मागे घेतला. मग त्या स्वतःच झोपायच्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या. "कुमारा," त्यांनी हाक मारली. "कण्णा, ऊठ." त्या उंबऱ्यावर वाकून बघत राहिल्या. खोलीत दिवा होता. मुलगा उताणा, तोंड उघडं, उशी गालापर्यंत भिजलेली. लहानपणी याच तोंडातली लाळ त्यांनी पदरानं पुसली असेल. आता त्यांनी पदर नाकाला लावला.

"शी," त्या हळूच म्हणाल्या, आणि दार ओढून घेतलं. "निजूं दे."

तो दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर उठला. उठल्यावर आधी कॉफी मागितली, मग घड्याळ बघितलं, मग त्याला सगळं कळलं. सहा आठवड्यांची मेहनत बायकोनं एका रात्रीत मातीत घातली, असं तो दुपारपर्यंत म्हणत होता. पण म्हणताना त्याचा आवाज स्वच्छ होता, वाक्यं पुरी होत होती, आणि त्यानं दाढी केली.

हरितानं पिशवी भरली. "परीक्षेपर्यंत पापनाशमला जाते. माहेरी, अप्पांकडे."

जयलक्ष्मीबाईंनी मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "चुलीचें मी बघतें," त्या म्हणाल्या. "त्याचें मी बघणार नाहीं. मज पूजा असते."

सतीशकुमारनं तिला बसस्टँडवर सोडायला मोपेड काढली. वाटेत तो गप्पा मारत होता. पुरेशी झोप झालेला सतीशकुमार चांगला माणूस होता. लग्न ठरलं तेव्हा राजवाड्याच्या पटांगणात तिच्याशी बोलला होता तो हाच. राजवाड्याच्या कोपऱ्यावर त्यानं गाडी थांबवून मोगरा घेतला, तिच्या पिशवीवर ठेवला. त्याला साबणाचा वास येत होता. हरितानं हे सगळं नीट टिपलं, आणि हेही टिपलं की वळणावर गाडी कलली तेव्हा तिनं त्याच्या खांद्याऐवजी सीटमागची लोखंडी दांडी धरली. खांदा कोरडा होता, शर्ट इस्त्रीचा होता. तरी हात गेला नाही.

"परीक्षा झाली की ये," तो बसच्या खिडकीखाली उभा राहून म्हणाला. "एक तारखेपासून परत सुरू करू. या वेळी नीट प्लॅन करून."

"परीक्षा झाली की सांगते."

"सांगायचं काय त्यात?"

"येते की नाही ते."

तो हसला, कारण हे हसण्यावारी न्यायचं की नाही ते त्याला ठरवता आलं नाही. बस सुटली. हरितानं फुलं शेजारच्या बाईला दिली, पदरानं केस पुसले आणि पुस्तक उघडलं. अय्यमपेट्टै येईपर्यंत तिनं तीन पानं वाचली. मग पुस्तक मिटून, तळहातावर बोटानं ते चक्र काढायला घेतलं. दुसऱ्या पायरीवर ती बराच वेळ थांबली. कंडक्टर तिकिटाला येऊन उभा राहिला तेव्हाही ती थांबलेलीच होती. त्यानं दुसऱ्यांदा विचारल्यावर तिनं एक हात वर करून त्याला थोपवलं, आणि पुढचा शब्द लिहिला.