दोन ते पाच

"डॉक्टर पाच वाजता," भाऊराव आधी म्हणाले आणि मग त्यांनी ऑटोकडे पाहिलं.

ऑटोत त्यांची बायको होती. सून मोनाच्या खांद्यावर डोकं टेकून कलावती बसली होती. अंग घामानं निथळत होतं, मूठ छातीशी आवळलेली.

सव्वाचार वाजले होते.

कॅम्प-१ वस्तीतल्या डॉक्टर वरघन्यांच्या दवाखान्याच्या दाराशी भाऊराव एकोणीस वर्षं बसत होते. दोन ते पाच डॉक्टर वरच्या मजल्यावर झोपत, आणि ती झोप राखणं हे भाऊरावांचं काम. ते त्यांनी चोख केलं होतं. ताप, जुलाब, विंचू, कुत्रा, सगळ्यांना त्यांनी पाचपर्यंत थांबवलं होतं. जे थांबत नसत ते दुसरीकडे जात, आणि त्यांचं पुढे काय झालं हे कळायची सोय नव्हती. त्यामुळे भाऊरावांच्या लेखी आजवर कुणाचंच काही बिघडलेलं नव्हतं.

"कवापासून होऊन राहिलं?"

"डेढ बजे से, बाबा!" मोना रडकुंडीला आली होती. "मी कवाची म्हणून राहिली, चला, चला. आई ऐकूनच नाही राहिल्या. म्हणे, डॉक्टरसाहेब सो गये होंगे, पाच वाजता जाऊ. ऑटो पण मीच जबरदस्ती बुलवला."

"दीडले तं साहेब खालीच होते!" भाऊराव बायकोवर खेकसले. "तवाच कावून नाही आली?"

"पोचेपर्यंत दोन वाजले असते," कलावती एकेक शब्द ओढत म्हणाली. "लोकं म्हणले असते, सोताच्या बायकोले बरं सोडते."

जिन्यापाशी बेलचं बटण होतं. भाऊराव ते रोज पुसत. आज त्यांनी ते दाबलं आणि बोट काढायचं विसरले.

डॉक्टर बनियनवर, अनवाणी, जवळजवळ उड्या मारतच खाली आले. नाडी पाहिली, छाती तपासली, कलावतीला एक गोळी चघळायला लावली.

"केव्हापासून?"

"दीडपासून, साहेब. तुमची झोप होती म्हणून..."

"अहो, इमर्जन्सी असली तर बेल मारा, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

सांगितलं होतं. भाऊरावांना ते आठवतही होतं. पण एकोणीस वर्षांत इमर्जन्सी म्हणावं असं कुणी आलंच नव्हतं. आले ते सगळे पेशंट होते.

"इथे काही होणार नाही. मोठ्या हॉस्पिटलात न्यायला पाहिजे. चला, मीही येतो."

"माफ करजा साहेब," कलावती म्हणाली. "झोप मोडली तुमची."

डॉक्टर तसेच, चपला न घालता, मागे बसले. भाऊराव पुढे ड्रायव्हरला चिकटून. बाजारात हातगाड्या, सायकली आणि रस्त्याच्या मधोमध निवांत गप्पा मारणारी माणसं होती.

"हटो भैया, पेशंट है!" भाऊराव ओरडत होते.

आरशात डॉक्टरांचे खांदे वरखाली होताना दिसत होते. ते तिची छाती दाबत होते. बाजार संपता संपता खांदे थांबले. डॉक्टरांनी कलावतीचा सरकलेला पदर नीट केला. मोनानं तोंडात ओढणी कोंबली.

ड्रायव्हरनंही आरशात पाहिलं होतं. त्यानं ऑटो हळू केला.

"धीमा क्यों किया?" भाऊराव म्हणाले. "चल तू."

आणि मान बाहेर काढून, पुढे रस्ता मोकळा असतानाही, ते ओरडत राहिले, "हटो भैया, हटो! पेशंट है!"