पैशाचा दरवळ

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मुलिपोलांना आनंदापेक्षा घोरच जास्त लागला. सामोआतल्या सवाई बेटावरच्या त्यांच्या गावाचे ते वक्ते, समारंभात गावाच्या वतीने बोलणारे. आपलं डुक्कर कितीही लठ्ठ असलं तरी त्याला उंदीर म्हणायचं आणि पाहुणा कितीही किरकोळ असला तरी त्याला आभाळाला टेकवायचं, ही तिथली रीत, आणि त्यात मुलिपोलांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण व्याही पडले ऑस्ट्रेलियाचे. त्यांना सामोअन ओ की ठो कळत नव्हतं.

म्हणून ते पाद्रींच्या बायकोकडे, लोसाबाईंकडे गेले. बाईंनी ऑकलंडमध्ये बड्या घरची धुणीभांडी करण्यात अर्धं आयुष्य काढलेलं. श्रीमंताला इंग्रजीत मानाने काय म्हणतात, असं विचारल्यावर मालकांबद्दल स्वयंपाकघरात जे जे बोललं जायचं ते त्यांनी आठवून आठवून सांगितलं. हे शब्द मालकांच्या तोंडावर कधी कोणी उच्चारले नव्हते. पण थोरामोठ्यांचं नाव तोंडावर घेत नाहीतच, तसंच हे, असं बाईंना वाटे.

"सगळ्यांत मोठा शब्द म्हणजे स्टिंकिंग रिच," त्या म्हणाल्या. "इतका पैसा, की वासावरूनच कळतं."

मुलिपोलांची बायको फासेगा शेजारी अरवीचे कंद सोलत होती. "पण अहो, वास कसला? चांगला की वाईट?"

"पैशाला वाईट वास कसा येईल?" मुलिपोला म्हणाले, आणि विषय तिथेच संपला.

लग्नाच्या दिवशी व्याही रॉस आणि विहीणबाई ग्लेनिस चटईवर कशीबशी मांडी घालून बसले. मुलिपोला काठी टेकून उभे राहिले. आधी स्वतःच्या डुकरांना यथेच्छ नावं ठेवली, मग इंग्रजीकडे वळले. जावई ब्रेंट तोंडात चांदीचा चमचा घेऊन जन्मला, असं त्यांनी सांगितलं आणि गावासाठी ते सामोअनमध्येही सांगितलं. बायका ग्लेनिसकडे कणवेने बघू लागल्या.

मग मुलिपोलांनी रॉसकडे हात केला. "आणि आमचे व्याही, ते तर स्टिंकिंग रिच. ब्रिस्बेनहून विमान सुटलं तेव्हापासून तुमचा वास आम्हाला येतो आहे."

नवरीने, सिएनीने, हातातल्या पंख्याआड तोंड लपवलं. ग्लेनिसचा चेहरा लालबुंद झाला. नवरा पाण्याच्या व्यवसायात आहे, असं तिने आल्यापासून सगळ्यांना सांगितलं होतं. "यांना कोणी सांगितलं?" ती नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली.

घरात शांतता पसरली. शांतता किती प्रकारची असते हे वक्त्याला कळतं, आणि ही चांगली नव्हती.

रॉस गुडघे कटकट वाजवत उठला. "उभं आयुष्य मी ब्रिस्बेनची तुंबलेली गटारं साफ केली," तो म्हणाला. "स्टिंकिंग मला रोजच म्हणतात. रिच मात्र आज पहिल्यांदाच कोणीतरी म्हटलं."

सिएनीला ते सामोअनमध्ये सांगावं लागलं, 'स्टिंकिंग' म्हणजे घाण वास मारणारा, या खऱ्या अर्थासकट. मग एक म्हातारा खुदकला, आणि सगळं घर हसून हसून आडवं झालं. मुलिपोला तेवढे काठी घट्ट धरून उभे राहिले. त्यांची नजर लोसाबाईंना शोधत होती. बाई खांबामागे गेल्या होत्या. मुलिपोलांनी काठी खाली ठेवली आणि सर्वांदेखत रॉससमोर मान झुकवली. त्यांचा चेहरा पाहून ग्लेनिसला कळलं, की यांना काहीच ठाऊक नव्हतं. मग तीही हसायला लागली. काजळ गालांवर ओघळेपर्यंत हसली.

जेवणं झाल्यावर मुलिपोला रॉसशेजारी जाऊन बसले. मानाचा खरा शब्द कोणता, असं त्यांनी विचारलं. रॉसने बराच वेळ डोकं खाजवलं.

"असं तोंडावर आमच्यात कोणी म्हणत नाही, दादा. फार तर म्हणतात, याचं बरं चाललंय."

मुलिपोलांना त्याची दया आली. एवढा मोठा देश, आणि माणसाला मोठं म्हणायला शब्द नाही.

निरोपाच्या दिवशी त्यांनी इंग्रजीला हातच लावला नाही. बोट सुटायची वेळ झाली तरी ते आपल्या भाषेत व्याह्यांची थोरवी गात राहिले. रॉसला एक अक्षर समजलं नाही. तो धक्क्यावर सरळ उभा राहून ऐकत होता आणि बाहीने डोळे पुसत होता.