शांत पाण्याचा पट्टा

टिटवीची मावशी समुद्रावर जीवरक्षक होती. रोज सकाळी ती एक सुका नारळ पाण्यात फेकायची, तो कुठून आत ओढला जातो ते बघायची आणि नेमका तिथेच लाल झेंडा रोवायची. आज झेंडा होता अगदी गुळगुळीत, बिनलाटांच्या पट्ट्यासमोर.

सुट्टीला आलेल्या मामेभावाला, म्हणजे दादाला, ते काही पटेना. पोहण्याची पदकं मिळवलेला गडी तो, पण सगळी तलावातली. आजूबाजूला लाटा फुटतायत आणि झेंडा मात्र शांत पाण्याला, आत्याचं आपलं काहीतरीच, म्हणाला. लाटांनी आणलेलं पाणी या पट्ट्यातूनच परत आत जातं, म्हणून तिथे लाट फुटत नाही, असं टिटवीने घसा फोडून सांगितलं.

"शेंबडे, तू मला पोहायला शिकवणार?" म्हणत स्वारी पाण्यात.

मावशी पार लांब, कुणाला तरी जेलीफिश डसला होता तिकडे. बराच आत गेल्यावर दादा परत फिरला, सपासप हात मारू लागला, पण किनारा जवळ येईचना. उलट लांबच चालला. टिटवीचा एक पाय पाण्यात पडलासुद्धा होता, पण मावशीने बजावलेलं होतं, तूही गेलीस तर मला दोघांना काढावं लागेल. तिने पाय मागे घेतला आणि गळ्यातली शिट्टी अशी फुंकली की मावशी तिकडून धावत सुटली.

मग टिटवी ओरडली, "सरळ येऊ नकोस, आडवा पोह!"

त्याला ऐकू जाईना. म्हणून ती वाळूवरून लाटांच्या बाजूला पळत सुटली, चौकातल्या हवालदारासारखे हात हलवत. दादाने जन्मात कधी तिचं ऐकलं नव्हतं. एकदा त्याचं डोकं दिसेनासं झालं. मग तो उताणा झाला, तरंगत दम खाल्ला, तिच्याकडे बघितलं आणि तिच्या दिशेने आडवा पोहू लागला. ज्या लाटांना त्याने नाक मुरडलं होतं, त्यांनीच त्याला ढकलत ढकलत कंबरभर पाण्यात आणलं. तिथे मावशीने धरलं.

मावशीने आधी त्याचा श्वास नीट चालतोय ना ते बघितलं, मग कान पिळला.

बराच वेळ खोकून झाल्यावर दादाने टिटवीला हळूच विचारलं, "उद्या कुठे उतरू?"

"आधी माझ्याबरोबर गुडघाभर पाण्यात उभं राहायचं," ती म्हणाली. "लाटा बघायच्या. मग ठरवू."

पदकवाला निमूटपणे हो म्हणाला.